शेवटी पोचणाऱ्याची वेळ

निसर्ग कुठे पळून जात नाही, असं लोक मला ऐकवतात. खरं आहे. पण जहाज जातं, आणि माझी नोकरी त्या जहाजावर आहे.

आमची कंपनी पानगळीच्या दिवसांत सहा आठवडे किनाऱ्याकिनाऱ्यानं क्रूझ चालवते. वाटेत चार बंदरं. प्रत्येक बंदरात प्रवाशांना दोन-अडीच तास उतरवायचं, लाल-पिवळी झाडं, धबधबा, कडा, दीपगृह असं काय काय दाखवायचं आणि भोंगा वाजायच्या आत मोजून परत चढवायचं. या सहली आखायचं काम माझं. प्रवासी परतताना माझ्याकडे येऊन डोळे मिटून म्हणतात, "किती सुंदर काम आहे हो तुमचं!" मी हसते. त्या धबधब्यापाशी पायऱ्या किती, बाक किती आणि स्वच्छतागृहासमोर रांग किती मिनिटांची, एवढंच मला माहीत असतं. पाणी कसं पडतं ते मी एकदाही धड पाहिलेलं नाही.

सगळा खेळ वेळेचा. माझ्याआधी या टेबलावर एक धावपटू कारकून होता. त्यानं सगळ्या सहली स्वतः चालून मोजल्या आणि छापून टाकल्या. पहिल्याच फेरीला निम्मे प्रवासी टेकडीवर बसले होते आणि त्यांना भाजीच्या टेम्पोतून धक्क्यावर आणावं लागलं. तेव्हापासून व्यवस्थापकांनी नियम केला: हंगामाआधी जहाजाची रिकामी फेरी निघेल, मोजणीला किमान दोघं जातील, आणि जो शेवटी पोचेल त्याचीच वेळ कागदावर चढेल. व्यवस्थापकांचा नियमांवर फार जीव. ऑफिसात त्यांना सगळे मिनिटसाहेब म्हणतात, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

तर मला माझ्याबरोबर हळू चालणारं माणूस हवं होतं. ऑफिसात कुणी तयार होईना, कारण 'हळू चालणारं माणूस' म्हणून यादीत नाव कोण लावून घेणार? मी घरात शोधलं आणि मला आत्या सापडली. तेव्हा तिला नुकतंच साठावं लागलं होतं, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली होती आणि उजवा गुडघा कामातून गेला होता. शिवाय ती चालताना बोलते आणि महत्त्वाचं काही बोलायचं असलं की थांबते. तिच्या मते ती बोलते ते बहुतेक सगळं महत्त्वाचं असतं. मिनिटसाहेब पहिल्या वर्षीचे आकडे बघून इतके खूश झाले की म्हणाले, "या बाईंना सोडू नका."

अकरा वर्षं झाली. ऑफिसात अंतरं आता आत्यातच मोजतात. "धक्का ते संग्रहालय किती?" "पाऊण आत्या." नवीन माणूस बुचकळ्यात पडतो, पण आठवडाभरात तोही तसंच बोलायला लागतो. आत्याच्या नावानं जहाजावर खिडकीची केबिन राखून ठेवलेली असते, खानसामा तिच्यासाठी सूपमध्ये मिरी कमी घालतो आणि कॅप्टन तिला शिडीपाशी हात देतो. जमिनीवर ती एका अशा घरात राहते जिथं खिडकी उघडली की समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात. त्या पाइपांतून कुणाच्या घरचं पाणी केव्हा वाहतं हे तिला तोंडपाठ आहे.

या वसंतात आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आतेभावानं सगळं केलं. मी कामात होते. मी कामात नेहमीच असते. महिन्याभरानं मी फोन केला. "आत्या, गुडघा कसा आहे?"

"आहे तसाच गं," ती म्हणाली. "नवा गुडघा बसवला, पण पाय जुनाच ना. उलट जास्तच हळू झालेय."

मी तोंडानं "अरेरे" म्हटलं. पण खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. गुडघा बरा झाला असता तर नवं माणूस कुठून आणायचं याची मला धास्ती होती. सख्ख्या आत्याचा पाय दुखतोय ऐकून हायसं वाटून घेणारी भाची जगात आणखी असेल, पण मला ती अजून भेटलेली नाही.

रिकामी फेरी निघाली. पहिल्या बंदरात नदीकाठची वाट. दरवर्षीची बावीस मिनिटं. मी स्टॉपवॉच दाबलं, पाठीवर पिशवी, एका हातात फॉर्मांचं पुठ्ठ्याचं फोल्डर, आणि आत्याच्या मागून निघाले. आत्या पाऊल टाकायची, कण्हायची, झाडाला हात लावायची, मग दुसरं पाऊल. एक गोगलगाय आमच्या पुढे गेली, हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. एकोणचाळीस मिनिटं लागली. ती वाट यादीतून गेली.

दुसऱ्या बंदरात धबधबा. पन्नासची ऐंशी मिनिटं. धबधबा 'बसमधून पाहणे' या सदरात ढकलला. बसमधून तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो, तेही ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं तर.

मिनिटसाहेबांचा फोन आला. "आत्यांना झालंय तरी काय?"

"ऑपरेशन झालं ना, साहेब."

"ऑपरेशन बरं होण्यासाठी करतात असा माझा समज होता. हे बघा, सोमवारी माहितीपत्रक छपाईला जातंय. दोन सहली गेल्या. चौथ्या बंदरात दीपगृहाच्या कड्यावर चढायला पंचेचाळीस मिनिटांच्या वर लागली, तर मी ते बंदरच रद्द करतो. नुसता धक्का दाखवायला कोण जहाज थांबवणार?"

दीपगृहाचा कडा म्हणजे आमच्या क्रूझचा जीव. वाट वर चढते ती थेट झाडांच्या आतून, दोन्ही बाजूंना तांबडी पानं, आणि शेवटच्या वळणावर एकदम समुद्र. असं माहितीपत्रकात लिहिलंय. ते मीच लिहिलंय, आत्यानं सांगितलं तसं. वर एक बाक आहे. त्या बाकावर अर्धा तास बसायला मिळावं म्हणून आत्या बाकीची तीन बंदरं सहन करते, असं तीच म्हणते. मागच्या वर्षी तिला चढायला बेचाळीस मिनिटं लागली होती.

तिसऱ्या बंदरात नुसता धक्का आणि फुलबाजार. सकाळी मी झेंड्याच्या खांबापासून फुलांच्या पहिल्या गाड्यापर्यंत अंतर मोजलं होतं, ऐंशी मीटर. आत्याला त्याच खांबापाशी बाकावर बसवून मी समोरच्या कॉफीच्या दुकानात खिडकीपाशी फॉर्म भरत बसले. आत्याच्या शेजारी बिस्किटांचा पुडा होता. एक समुद्रपक्षी आला, पुडा उचलला आणि उडाला.

पुढचं मी काचेतून पाहिलं. आत्या उठली. उठताना तिनं बाकाला हात लावला नाही. तिनं साडीचा घोळ एका हातात धरला आणि त्या पक्ष्यामागे धावली. चालली नाही, धावली. दोराचं वेटोळं आडवं होतं ते तिनं उडी मारून ओलांडलं. सवयीनं माझा अंगठा स्टॉपवॉचवर गेला. खांब ते फुलांचा गाडा, अडतीस सेकंद. पक्षी घाबरून पुडा टाकून गेला. आत्यानं पुडा उचलला, पक्ष्याला उद्देशून काहीतरी बोलली, पदर सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं आणि कण्हत लंगडायला लागली. तेच ऐंशी मीटर परत यायला तिला सव्वासहा मिनिटं लागली. तीही मी मोजली.

अंगाचा तिळपापड झाला माझा. दोन सहली गेल्या, साहेबांची बोलणी मी खाल्ली, आणि ही बाई नाटक करतेय! बाहेर जाऊन तिला तिथल्या तिथे जाब विचारावा असं वाटलं. पण मी मूग गिळून बसले, कारण मला त्याहून वाईट काहीतरी सुचलं होतं.

आत्या आत आली. खुर्चीत बसताना दोनदा "आई गं" म्हणाली.

"आत्या," मी फॉर्मवरची नजर न काढता म्हटलं, "उद्या कडा. पंचेचाळीस मिनिटांच्या वर गेलं तर साहेब ते बंदर कायमचं रद्द करणार."

तिनं बिस्किटाचा तुकडा तोंडात घातला होता, तो तसाच राहिला. "कायमचं?"

"कायमचं. तुझ्या गुडघ्याला काय दोष देणार म्हणा."

तिनं बिस्कीट चावलं. मग पुड्याचं तोंड दुमडलं, आणि आत्या बिस्किटं अर्धी ठेवते म्हणजे प्रकरण गंभीर असतं. मला वाटलं, बरी सापडली. हळू चालली तर तिचा लाडका कडा जातो, भराभर चालली तर बिंग फुटतं. आता बघू काय करते. भाचीला न शोभणारा आनंद मला झाला होता, आणि तो मी कॉफीबरोबर चवीनं घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही कड्याच्या पायथ्याशी उभ्या होतो. लख्ख ऊन, गार वारा. मी स्टॉपवॉच दाबलं. आत्या लंगडत निघाली. पहिला दगडी कठडा येईपर्यंत सात मिनिटं गेली. तिथं ती थांबली आणि वर पाहत राहिली. वाटेवर पानं पडत होती.

"सात मिनिटं," मी म्हटलं.

"ऐकू आलं," ती म्हणाली. "अशानं किती होतील?"

"सत्तरच्या वर."

"हं." तिनं चपलांचे पट्टे घट्ट केले. "चिमे, मला काही विचारू नकोस. वर आल्यावर बोलू."

माझी पन्नाशी उलटली तरी ती मला चिमीच म्हणते. मी "बरं" म्हणेपर्यंत ती गेलीसुद्धा. साधीसरळ गेली, टाचा टाकत, हात हलवत, भाजी आणायला निघाल्यासारखी. पहिल्या वळणावर तिचा पदर दिसला, दुसऱ्या वळणावर तोही दिसला नाही.

मी मागून निघाले. अकरा वर्षं मी आत्याच्या मागून चालत आले होते आणि माझी ठाम समजूत होती की मी तिच्यामुळे हळू चालते. ती समजूत तिसऱ्या वळणापर्यंत टिकली. तिथं माझा श्वास बाहेर गेला तो परत आलाच नाही. पिशवी जड होती. फोल्डर काखेतून सटकत होतं. अकरा वर्षं खुर्चीत बसून मी इतरांच्या पायऱ्या मोजल्या होत्या. त्या चढायला पाय लागतात हे माझे पाय विसरले होते. चौथ्या वळणावर मी एका झाडाला टेकले. पाचव्या वळणावर झाड नव्हतं, म्हणून मातीतच बसले. आजूबाजूला सगळं तांबडं होतं आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं, डोळ्यांपुढे अंधारी आली होती. वरून एक आजोबा काठी टेकत उतरत होते, त्यांनी मला पाण्याची बाटली पुढे केली. मी नको म्हटलं. मग त्यांना परत बोलावलं आणि घेतली.

शेवटचं वळण मी कशी चढले ते मला विचारू नका. एकदम समुद्र आला, माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे. बाकावर आत्या बसली होती, पाय लांब करून, चप्पल बाजूला काढून. मी स्टॉपवॉच बंद केलं. चव्वेचाळीस मिनिटं, दहा सेकंद, त्यात तिच्या नाटकाची सात धरून.

"मी केव्हाची बसलेय," ती म्हणाली. "सव्वीस मिनिटांत आले. वाटेत एकदा थांबलेही. तू कुठे राहिलीस?"

मला उत्तर द्यायला दम पुरेना. मी बाकावर कोसळले. तिनं माझ्या पाठीवरची पिशवी काढून घेतली आणि पाठीवर हात फिरवत राहिली. श्वास जाग्यावर आल्यावर मी आधी भांडले.

"काल त्या पक्ष्यामागे धावलीस ते पाहिलं मी! ऐंशी मीटर, अडतीस सेकंद! दोन सहली घालवल्यास माझ्या. का गं असं केलंस?"

ती दचकली. मग चोरी पकडली गेलेल्या माणसासारखी खाली न बघता तिनं समुद्राकडे पाहिलं.

"पाहिलंस तर. बरं झालं, मला त्या कण्हण्याचा कंटाळा आला होता." ती माझ्याकडे वळली. "चिमे, तू मला कशासाठी आणतेस इथं?"

"म्हणजे? मोजणीला."

"गुडघ्यासाठी आणतेस. गुडघा बरा झाला असं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? अभिनंदन केलं असतंस आणि दुसरी लंगडी बाई शोधली असतीस. मग मी होते आणि माझे ते पाइप होते."

"असं काही नाही," मी म्हटलं.

"वर्षात तू मला फोन किती वेळा करतेस?"

दोनदा करते. एकदा गुडघा विचारायला, एकदा जहाजाची तारीख सांगायला. तिच्या घरी शेवटची केव्हा गेले होते ते आठवायला लागले, आणि तिच्या खिडकीला पडदे कुठल्या रंगाचे आहेत तेही मला आठवेना. ऑपरेशनच्या वेळी मी दवाखान्यात गेले नव्हते. मला लाज वाटली. चढून आल्याच्या धापेपेक्षा ती जास्त छातीत लागली.

"पण मग आज का भराभर आलीस?" मी विचारलं. "तुझं बिंग फुटणार हे तुला माहीत होतं."

"कडा गेला असता ना," ती म्हणाली. "मला इथं पुन्हा यायला मिळालं नाही तर नाही. पण इथं कुणीच येणार नाही, हे मला बघवलं नसतं. एवढी पानं कुणासाठी लाल होतायत?"

खिशातला फोन वाजला. मिनिटसाहेब, आणखी कोण.

"किती?"

"चव्वेचाळीस, साहेब."

"वा! बसलं. म्हणजे आत्या सावरल्या म्हणायच्या."

इथं मी "हो" म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. आत्या माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं मी "हो" म्हणेन, आणि तिनं मला माफही करून टाकलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आत्या सव्वीस मिनिटांत पोचल्या," मी म्हटलं. "शेवटी मी पोचले. चव्वेचाळीस माझी आहेत."

पलीकडे मागून कुणाचं तरी हसू आलं. साहेबांचा फोन स्पीकरवर होता. सगळ्या ऑफिसानं ऐकलं. सोमवारपासून संग्रहालयापर्यंतचं अंतर माझ्यात मोजलं जाणार हे मला तेव्हाच कळलं.

"नियमात बसतं," साहेब शेवटी म्हणाले. "शेवटी पोचेल त्याची वेळ. मग पहिली दोन बंदरं परतीच्या वाटेवर तुमच्यावरच मोजून घ्या. तुम्ही ठीक आहात, म्हणजे पुरेशा हळू आहात." कागदाचा आवाज आला. "मग पुढच्या वर्षीपासून आत्यांची केबिन रद्द करायला हरकत नाही. गरज काय त्यांची?"

साहेबांचा आवाज मोठा, शेजारी बसलेल्या आत्यानं ते ऐकलं. तिनं वाकून चपला पायात घालायला सुरुवात केली.

"साहेब," मी म्हटलं, "मी शेवटी पोचले हे ठरवायला कुणीतरी माझ्याआधी पोचलेलं लागेल ना? एकटी गेले तर मीच पहिली आणि मीच शेवटची. आणि नियमात किमान दोघं म्हटलंय."

साहेब विचारात पडले. त्यांचाच नियम दाखवला की त्यांना दुसरं काही सुचत नाही. "बरोबर आहे," ते म्हणाले. "अगदी बरोबर. आत्या राहतील. खिडकीचीच केबिन ना?"

"खिडकीचीच."

फोन ठेवला. आत्यानं एक चप्पल घातली होती, दुसरी हातात होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "डोळ्यांत वारा गेला," ती म्हणाली आणि चप्पल घालून उठली. "चल, जहाज सुटेल."

"अजून अर्धा तास आहे बसायला."

"मग गप बस आणि समोर बघ. अकरा वर्षांत एकदा तरी बघ."

मी बघितलं. काय दिसलं ते मी नव्या माहितीपत्रकात लिहिलंय, या वेळी कुणाला न विचारता.

खाली उतरताना माझे गुडघे थरथरत होते. आत्या चार पावलं पुढे जायची, वळून बघायची आणि थांबायची. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मी ओशाळून म्हटलं, "तू हो पुढे, मी येते सावकाश."

"अगं असू दे," ती म्हणाली, "अकरा वर्षं तू नाही का थांबलीस माझ्यासाठी?"

मी खाली पाहिलं. अकरा वर्षं मी तिच्या मागे उभी राहून घड्याळ बघत होते. त्याला थांबणं म्हणत नाहीत, आणि हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी तिनं हात पुढे केला.

"धर," ती म्हणाली. "आणि तोंडानं श्वास घेऊ नकोस, नाकानं घे."